घाईत भरलेल्या बाटल्या

बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस कायमचा घरी आला की घराचं काय होतं, ते आमच्या पाल्मेइरा वस्तीने आर्लिंदो मोरेस्कोच्या घरात पाहिलं. डोंगरावरून खाली पोर्तो अलेग्रीला जाणारी पहाटेची बस त्याची असायची. निवृत्त झाल्यावरही तो पाचला उठायचा, दाढी करायचा, अंगणात चार फेऱ्या मारायचा आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा.

"आता?" तो बायकोला विचारायचा.

"आता काय? बस." नेल्सी म्हणायची.

बसायचंच तर त्याला जमत नव्हतं. खुर्चीत टेकला की उजवा पाय आपोआप जमिनीला दाबायचा. मग उठायचं, बिजागरीला तेल घालायचं, कोंबड्यांचं खुराडं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवायचं. तिसऱ्यांदा खुराडं हलवलं तेव्हा नेल्सी वैतागली. "कोंबड्यांनी अंडी द्यायची बंद केलीत. आता तू तरी काहीतरी काम शोध, नाहीतर मी माहेरी जाते."

फेब्रुवारी संपत आला होता. गावात जिकडेतिकडे द्राक्षं उतरत होती आणि हवेला चिकट गोड वास होता. आर्लिंदोने शेजारच्या बेपीकडून चारशे किलो काळी इझाबेल द्राक्षं घेतली आणि सांगून टाकलं की यंदा वाईन मी करणार.

आमच्याकडे वाईन कोण करत नाही? पण आर्लिंदोने कधीच केली नव्हती. मोरेस्कोंचा मळा, पिंपं, दाबयंत्र, सगळं थोरल्या भावाकडे, सेलेस्तीनोकडे होतं, वर टेकडीवर. बाप होता तोवर बाप आणि सेलेस्तीनो मिळून वाईन करायचे, आणि आर्लिंदो तेव्हा कुठल्या तरी वळणावर बस चालवत असायचा. आता विचारावं तर भावाशी बोलणं नव्हतं. अकरा वर्षं नव्हतं. म्हणून विचारलं ते बेपीला. बेपी चौऱ्याऐंशीचा. गावातले सगळे त्याला नोनो, म्हणजे आजोबा म्हणतात. त्याची स्वतःची नातवंडं सोडून.

पहिले दहा दिवस झकास गेले. द्राक्षं चिरडून लाकडी पिंपात टाकली की साली वर येतात, त्या दिवसातून तीन-चारदा खाली ढकलाव्या लागतात. आर्लिंदो नऊदा ढकलायचा. पिंप खदखदत होतं, तळघर गरम झालं होतं, आणि याच्या चळवळ्या पायांना काम मिळालं होतं. बेपी म्हणाला होता, इझाबेलच्या रसात जोर कमी, थोडी साखर घाल. त्याने थोडी घातली, मग चव घेऊन आणखी थोडी घातली.

मग साली पिळून काढल्या, रस पाच मोठ्या काचेच्या बुधल्यांत भरला, बुधल्यांच्या तोंडाला बूच, बुचातून नळी, नळीचं टोक पाण्याच्या वाटीत. आतला वायू बुडबुड करत बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. आता काम एकच होतं. वाट बघायची.

आर्लिंदो घड्याळ घेऊन बुधल्यांसमोर स्टुलावर बसू लागला. "मिनिटाला बावीस," तो जेवताना सांगायचा. दुसऱ्या दिवशी, "एकोणीस." नेल्सी म्हणाली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत एवढं मोजलं नव्हतंस." रोज चव घेण्यासाठी तो नळीने एक पेला काढायचा, सकाळी एक, संध्याकाळी एक. महिन्याभरात बुधल्यांतली पातळी गळ्याखाली उतरली. बेपीने ते पाहिलं आणि काठी आपटली.

"बुधला गळ्यापर्यंत भरलेला पाहिजे रे! मधे एवढी हवा ठेवलीस तर वाईन नाही, व्हिनेगर होईल. प्यायलास ना?"

"चव बघत होतो, नोनो."

"चव बघत होता म्हणे. आता गोट्या आण."

"कसल्या गोट्या?"

"काचेच्या, मुलं खेळतात त्या. उकळून, धुऊन आत सोड. पातळी वर येईल. आणि तोंड बंद ठेव, बुधल्याचं आणि तुझंही."

मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडाशी, थंडी लवकर आली. सकाळी गवतावर पांढरं पडायला लागलं आणि वाटीतले बुडबुडे थांबले. आर्लिंदो धावत बेपीकडे गेला. झाली! बेपीने येऊन बुधल्याला कान लावला, एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"गोड आहे अजून. साखर शिल्लक आहे. थंडीने झोपलीय ती. झोपलेल्याला मेला समजून पुरायचं नसतं, आर्लिंदो. खाली बसलेला गाळ सोडून वरची नितळ दुसऱ्या बुधल्यात काढ, आणि पीचला फुलं येऊन गळेपर्यंत हात लावू नकोस."

"म्हणजे ऑक्टोबर?"

"ऑक्टोबर. नोव्हेंबर. तिला विचार, मला काय विचारतोस?"

पण ऑगस्टात आमच्या संताची, साओ रोकेची जत्रा होती. चॅपेलच्या मंडपात लांब टेबलं लागतात, कोंबडी, मक्याच्या पिठाचा पोलेंता, आणि प्रत्येक घरची वाईन. साठ वर्षं आर्लिंदो त्या टेबलावर दुसऱ्यांची वाईन प्यायला होता. जुलै महिन्याभर तो तळघराच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. बुधल्यातली वाईन तर माणकासारखी नितळ दिसत होती. शेवटी जुलैच्या अखेरीस त्याने पाचातले दोन बुधले उपसले. नेल्सीने मागून आणलेल्या रिकाम्या बाटल्या सोड्याने धुतल्या, उकळत्या पाण्याने खंगाळल्या, बुचं गरम पाण्यात भिजत घातली. आर्लिंदो नळीने भरत होता, नेल्सी यंत्राचा दांडा दाबून बुचं बसवत होती. सव्वाशे बाटल्या झाल्या. शाळेतल्या वहीचे कागद कापून त्याने स्वतःच्या हाताने लेबलं लिहिली : मोरेस्को, पहिलं वर्ष.

त्यातली एक बाटली घेऊन तो त्याच संध्याकाळी गाडीतून गेला आणि वीस मिनिटांत परत आला. सेलेस्तीनोच्या फाटकापाशी दुधाचे कॅन ठेवायचा लाकडी ओटा आहे. त्यावर बाटली ठेवली, हॉर्न न वाजवता गाडी वळवली. नेल्सीने विचारलं, "दिलीस?"

"ठेवली."

"ठेवली आणि दिली यात फरक असतो," नेल्सी म्हणाली. तो खुराडं बघायला गेला.

जत्रेत वाईन गाजली. जिभेला किंचित चिमटा काढते, गोडसर आहे, बायकांना फार आवडली. लोकांनी पाठ थोपटली आणि घरी न्यायला बाटल्या मागितल्या. आर्लिंदोने वीसेक वाटल्या. बेपीने मात्र पेला उजेडात धरला, कडेला चढणारे सुईच्या अग्राएवढे बुडबुडे पाहिले आणि म्हणाला, "ही अजून जागी आहे रे." मंडपात अकॉर्डियन वाजत होता. आर्लिंदोने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेचा गरम वारा सुटला. आमच्याकडे हा वारा आला की कुत्री भुंकतात, म्हातारी माणसं भांडतात आणि हिवाळ्याच्या मधेच चार दिवस उन्हाळा पडतो. पीचची झाडं दोन दिवसांत गुलाबी झाली. मंगळवारी सकाळी नेल्सी कपडे वाळत घालत होती, तेव्हा घराच्या पोटातून धाडकन आवाज आला.

"बंदूक!" ती ओरडली.

दुसरा आवाज. मग लागोपाठ दोन. आर्लिंदो तळघराच्या दारापाशी पोचला तेव्हा दाराखालून लाल ओघळ बाहेर येत होता. तो आत शिरणार तेवढ्यात बेपी कुंपणापलीकडून जिवाच्या आकांताने ओरडला, "आत जाऊ नकोस, गाढवा! डोळे जातील!"

मग जी तयारी झाली ती गावाने पुढे कित्येक महिने चघळली. डोक्यावर नेल्सीच्या भाच्याचं मोटारसायकलचं हेल्मेट, अंगावर हिवाळ्याची गोधडी दोरीने बांधलेली, हातात ओली पोती. आर्लिंदो असा आत गेला, बाटल्यांच्या फळ्यांवर ओली पोती टाकली आणि एकेक बाटली गोधडीत गुंडाळून बूच सैल करत गेला. प्रत्येक बूच छताला जाऊन आदळत होतं. आणखी तीन बाटल्या फुटल्या, एकीची काच हेल्मेटवर वाजली. तासाभराने तो बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत वाईनने भिजलेला होता.

"साखर जागी झाली," बेपी म्हणाला. "ऊन लागलं, पुन्हा आंबायला लागली. बुधल्यात असती तर नळीतून वायू गेला असता. बाटलीत जाणार कुठे?" मग तो थांबला. "आणि वाटलेल्या बाटल्या कुठे आहेत?"

आर्लिंदोने हेल्मेट काढलंच नाही. तसाच गाडीत बसला. नेल्सी शेजारी, मांडीवर ओली पोती, आणि कुणाला दिल्या ते ती पाठ म्हणत होती. पुन्हा एकदा तो थांब्याथांब्याने निघाला. चॅपेलच्या कोठीत दोन होत्या, मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी. दवाखान्यातल्या नर्सने बाटली फ्रिजमध्ये ठेवली होती, ती गुणी मुलगी. शिक्षिकाबाईंनी फ्रिजवर, गरम जागी ठेवली होती. तिचं बूच अर्धं वर आलं होतं. पोस्टमनने पिऊन टाकली होती आणि आर्लिंदोने त्याला मिठीच मारली. व्हितोर न्हाव्याच्या दुकानात बाटली आरशासमोर होती आणि आरशाखाली माणूस दाढीला बसलेला. आर्लिंदो हेल्मेटसकट आत घुसला तेव्हा त्या माणसाने फेसासकट हात वर केले.

दुपारचे तीन वाजले. वारा तसाच गरम. सेलेस्तीनोच्या टेकडीच्या पायथ्याच्या रस्त्यावरून ते दुसऱ्यांदा गेले.

"सगळ्या झाल्या," आर्लिंदो म्हणाला.

"तीनोची?" नेल्सीने विचारलं. सेलेस्तीनोला घरात सगळे तीनो म्हणत.

"त्याने फेकून दिली असेल."

"आणि नसेल दिली तर? लूर्देसवहिनीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती घरातच बसून असते दिवसभर."

आर्लिंदोने गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. पाय ब्रेकवर दाबलेला आणि हात चाकावर, असा तो बराच वेळ बसला. मग नेल्सीने हात लांब करून त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला लागली.

भांडण कशावरून झालं ते गावाला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी जूनमध्ये बाप दोन दिवस अंथरुणावर तळमळत होता. निरोप गेला होता. आर्लिंदो आला तो माती लोटत असताना. कबरस्तानाच्या फाटकात सेलेस्तीनो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सगळ्या थांब्यांवर वेळेवर पोचतोस, इथेच तेवढा उशीर?" त्यावर आर्लिंदो एक शब्द न बोलता वळला आणि मग दोघांनीही तोंड उघडलं नाही.

सेलेस्तीनो मळ्यात वेली तारेला बांधत होता. गाडी पाहून तो खाली आला, कमरेला बांधणीच्या लवचिक काड्यांची जुडी तशीच. भाऊ लाल डागांनी माखलेला पाहून तो चपापला.

"काय झालं? रक्त?"

"वाईन. तीनो, ती बाटली कुठाय?"

"कुठली बाटली?"

"मी ठेवलेली! फुटतायत, तीनो, सगळ्या फुटतायत. कुठे ठेवलीस?"

सेलेस्तीनोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि घराकडे धावला. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण आर्लिंदोला मागे टाकलं त्याने. बाटली चुलीवरच्या फळीवर होती, साओ रोकेच्या तसबिरीशेजारी, न उघडलेली. खाली, चुलीच्या उबेला, पाय स्टुलावर टाकून लूर्देस वाटाणे सोलत होती.

"उठ," सेलेस्तीनो म्हणाला.

"कशी उठू? गुडघा..."

त्याने तिला खुर्चीसकट मागे ओढलं. वाटाणे सगळीकडे घरंगळले. आर्लिंदोने खुंटीवरचा कोट काढून बाटलीवर टाकला, छातीशी धरली आणि मागच्या दाराने बाहेर पळाला. गुरांना पाणी पाजायच्या हौदाशी तो पोचला आणि गुडघ्यांवर बसून कोटाच्या आत बूच फिरवू लागला. बूच सुटलं. कोट फुगला, फेस त्याच्या बाह्यांतून, गळ्यातून, तोंडावर. मग शांतता. बाटली अखंड होती. तळाशी चार बोटं वाईन उरली होती.

"पिऊन का नाही टाकलीस?" आर्लिंदोने धापा टाकत विचारलं. ओरडूनच विचारलं.

"न बोलता आणून ठेवलेली वाईन मी न बोलता कशी पिऊ?" सेलेस्तीनो म्हणाला. तो हौदाच्या कडेला टेकला. "तिच्या डोक्यावर होती, आर्लिंदो. बरोबर डोक्यावर."

"माहीत आहे."

"काही माहीत नाही तुला. जुलैत कोण बाटल्या भरतं? तुला जरा म्हणून दम नाही. बाप मरतानासुद्धा तुला फेरी..."

"ती फेरी माझी नव्हती," आर्लिंदो म्हणाला.

सेलेस्तीनोने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"माझी रजा मंजूर झाली होती. दुसऱ्याची फेरी मी मागून घेतली. दोनदा. मला बघायचं नव्हतं. वाटलं, गाडी चालू आहे तोवर तो मरणार नाही." तो हौदातल्या पाण्याकडे बघत होता. "हे मी नेल्सीलाही सांगितलेलं नाही."

नेल्सी मागच्या दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. ती आत गेली आणि लूर्देसबरोबर वाटाणे गोळा करू लागली.

वाऱ्याने वेली तारांवर आपटत होत्या.

"तू आला नाहीस म्हणून मी चिडलो असं तुला वाटतं," सेलेस्तीनो म्हणाला. "चाळीस वर्षं त्याच्याबरोबर राबलो मी. हगणं-मुतणं काढलं. आणि ते दोन दिवस तो मला आर्लिंदो म्हणत होता. हात धरून, आर्लिंदो, आर्लिंदो. एकदाही तीनो नाही. मी तूच झालो होतो दोन दिवस." त्याने कमरेची जुडी सोडून खाली ठेवली. "म्हणून फाटकात तसं बोललो."

आर्लिंदोने बाटली पुढे केली. सेलेस्तीनोने घेतली, तोंडाला लावली, चूळ भरल्यासारखी फिरवली आणि थुंकली.

"साखर," तो म्हणाला. "बाकीचे बुधले कुठे आहेत?"

"तीन आहेत तळघरात."

"उद्या येतो."

तो उद्या आला नाही, परवाही नाही. आर्लिंदो पाच वाजता उठून फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. रात्री नेल्सीला त्याचा पाय पांघरुणाखाली हलताना जाणवायचा. बाप काय म्हणाला होता? नुसतं नाव घेऊन कुणी थांबत नाही, पुढे काहीतरी म्हणतंच. हे त्याने हौदापाशी विचारलं नव्हतं, आणि आता ते त्याला गिळताही येईना. नेल्सीने त्या फेऱ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा भांडी घासताना म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी तुला कान धरून खाली उतरवलं असतं बसमधून." तो म्हणाला, "म्हणूनच नाही सांगितलं."

नवव्या दिवशी सेलेस्तीनो आला. सरळ तळघरात गेला, तिन्ही बुधल्यांना कान लावला. वाटीतले बुडबुडे पुन्हा सुरू झाले होते. त्याने गोट्या पाहिल्या आणि पहिल्यांदाच हसला. मग दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"हे काय?" आर्लिंदो म्हणाला. "माझं तळघर आहे!"

"वाईन पण तुझीच आहे. म्हणून तर." आणि तो निघून गेला.

दर रविवारी प्रार्थनेनंतर सेलेस्तीनो किल्ली घेऊन यायचा, दोघं खाली जायचे, बुधले बघायचे, वर यायचे. नेल्सी सुक्या मांसाच्या सलामीचे काप करायची. द्राक्षं, पाऊस, लूर्देसचा गुडघा, सगळं बोलणं व्हायचं. आर्लिंदो प्रत्येक रविवारी ठरवायचा की आज विचारायचं. ऑक्टोबर गेला. वाटीतला शेवटचा बुडबुडा नोव्हेंबरात आला. सेलेस्तीनोने वाईन पुन्हा एकदा गाळावरून काढायला लावली आणि म्हणाला, अजून थांब. ख्रिसमसला तो आणि लूर्देस जेवायला आले. चव घेतली तेव्हा वाईन कोरडी होती, जरा आंबट, जिभेला काहीही न टोचणारी. "आता चंद्र उतरणीला लागू दे, मग भरू," सेलेस्तीनो म्हणाला.

जानेवारीत, कृष्णपक्षातल्या एका शनिवारी, त्यांनी बाटल्या भरल्या. आर्लिंदो स्टुलावर बसून नळी धरत होता, सेलेस्तीनो दांडा दाबून बुचं बसवत होता. वर अंगणात नेल्सी आणि लूर्देस बाटल्या खंगाळत होत्या, काचेचा आवाज येत होता. चाळीसेक बाटल्या झाल्या असतील.

"तीनो," आर्लिंदो नळीकडे बघतच म्हणाला. "तो माझं नाव घेऊन काय म्हणत होता?"

दांडा खाली गेला, बूच बसलं. सेलेस्तीनोने बाटली बाजूला ठेवली.

"रस्ता विचारायचा. धुकं आहे का, रस्ता ओला आहे का. सारखं तेच."

"आणि तू?"

"मी म्हणायचो, कोरडा आहे, बाबा. निघतोच आहे." त्याने पुढचं बूच उचललं. "की मग तो डोळे मिटायचा. थोड्या वेळाने पुन्हा विचारायचा."

आर्लिंदोने मान हलवली. मग पुन्हा हलवली. वाईन बाटलीच्या गळ्याशी आली, तोंडाशी आली, त्याच्या बोटांवरून मनगटावर उतरली आणि जमिनीवर टपकू लागली.

"नळी!" सेलेस्तीनो ओरडला. "अरे, नळी चिमट! सगळी वाया घालवशील!"

आर्लिंदोने नळी चिमटीत धरली आणि दुसऱ्या हाताने पुढची बाटली ओढली.